चायपत्तीवरची दवा

आमच्या आईला फुकटचं पचत नाही. शेजारणीने वानोळा पाठवला, तर तिचा डबा आमच्याकडून रिकामा परत जात नाही. निदान मूठभर साखर तरी त्यात पडतेच. तिचं सगळं आयुष्य चांदूर बाजारकडच्या एका खेड्यात या हिशोबाने सुखाने चाललं होतं. मग सरकारने दवाखान्यात केसपेपरचे पैसे घेणं बंद केलं आणि घोळ झाला.

गाव खूश झालं. आईचं तोंड मात्र उतरलं. "फुकटची दवा लागत नाई," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या खेपेला तिचं बीपी भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळ्या घेता ना?"

"घेतो ना," आई म्हणाली. खोटं नव्हतंच ते. खिडकीवरून गोळ्या ती घेतच होती. गिळता का, असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी डोस वाढवला.

घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेली. माझं डोकंच फिरलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. याच बीपीने मावशीचं अर्धं अंग गेलं होतं.

"ह्या काहून नाई घेतल्या?"

"मी त्याईले काई देलंच नाई, तं मले थे दवा कशी लागन?"

यावर शास्त्र काय सांगणार? गॅसवर चहा उकळत होता, तोच मदतीला आला. म्हटलं, "माय, तू चायपत्तीचा पुडा घेतं, त्याच्यात सरकारचा टॅक्स असते. त्याच पैशाची हे दवा हाय."

तिने पुडा उचलून उलटसुलट करून पाहिला. "अन् साबनावर?"

"साबनावर बी."

"मंग हे पयले काहून नाई सांगतलं?" असं म्हणून उलट मलाच झापलं, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली. मला हायसं वाटलं. डॉक्टरांना फोन करून खरा प्रकार सांगितला. ते खूप हसले आणि डोस पुन्हा होता तेवढाच केला.

महिन्याभरात बीपी ताळ्यावर आलं. आई मात्र बदलली होती. गोळ्यांच्या खिडकीपुढे आता ती दुकानात उभं राहावं तशी उभी राहते. परवा रांगेत आमच्या पुढच्या म्हातारीला आतून उत्तर मिळालं, "ही गोळी संपली, बाहेरून घ्या." म्हातारीने मुकाट्याने चिठ्ठी पदराला बांधली आणि निघाली. आईने तिचा हात धरला.

"थांब बाई. तू चाय पेतं का?"

"पेतो," म्हातारी गोंधळून म्हणाली.

"मंग पैसे देल्ले हायेत तुनं." आणि खिडकीकडे वळून, "भाऊ, अंदर एकडाव नीट पाहा बरं."

आतला माणूस कुरकुरत उठला. मागच्या एका न उघडलेल्या खोक्यात गोळ्या निघाल्या. म्हातारी पाकीट हातात घेऊन पाहत राहिली, तेव्हा आई तिला हळूच म्हणाली, "आता घरी नेऊन तांदळाच्या डब्यात नोको ठेवजो. खाजो."