लाल खुणेचे वीस ड्रिपर

बोरसे सरांना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी मी त्यांना भेटून आले होते, धुळ्याला, देवपुरातल्या त्यांच्या घरी. डॉक्टरांनी तेल-तिखट पार बंद केलं होतं आणि सर काकूंची नजर चुकवून भरताच्या वाटीत बोट बुडवत होते. वर मलाच सांगत होते, "चव बघतोय, खात नाही." सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक, उभी हयात 'हात धुतले का' म्हणून आमच्या मागे लागलेला, आणि बोट चाटतोय... मी काकूंना हाक मारायची धमकी दिली. तेव्हा म्हणाले, "मार की. पण आधी सांग, तुझ्या विद्यार्थिनी शेतावर जातात की फोनवरच भागवतात?" हा टोला कशाचा होता, ते आम्हा दोघांना चांगलंच ठाऊक होतं. ते सगळं पहिल्यापासून सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले.

मी मूळची साताऱ्याकडची. पीएच.डी.साठी जळगावला आले तेव्हा खानदेशाबद्दलचं माझं ज्ञान केळी, सोनं आणि ऊन यांच्यापुढे जात नव्हतं. सरांचा विषय ऐकून तर मी हिरमुसलेच होते. ठिबकच्या नळीत पाणी साचून राहिलं की आतून बुळबुळीत थर धरतो, तो जिवाणूंचा असतो. थर वाढला की ड्रिपरचं बारीक भोक बुजतं आणि झाडाला पाणी मिळत नाही. शेतकरी मग नळीत ॲसिड सोडून ती साफ करतात. सरांना गिरणेच्या काठच्या मातीत एक असा निरुपद्रवी जिवाणू सापडला होता, जो हा थर खातो. त्याचं औषध करायचं, बाटलीत भरायचं आणि ॲसिडची कटकट मिटवायची, एवढा तो प्रकल्प. माझ्या मैत्रिणी कॅन्सरच्या पेशींवर काम करत होत्या आणि मी नळीतल्या बुळबुळीवर. आईला फोनवर विषय समजावताना मी 'जलव्यवस्थापन' असा भारदस्त शब्द वापरायचे.

सरांना मात्र त्या बुळबुळीचा भलता अभिमान. एमआयडीसीत पाइपचा कारखाना चालवणाऱ्या छाजेडशेठना त्यांनी या कामात ओढलं होतं. शेठ औषध तयार करून देणार, आम्ही ते शेतात तपासणार. "कपाटात ठेवायचे प्रबंध पुष्कळ झाले," सर म्हणायचे, "आपला बाटलीत जाऊ दे." प्रयोगशाळेत ते शिस्तीचे होते आणि बोलण्याच्या बाबतीत तर फारच. कुणी पोरगं बोलता बोलता घरच्या भाषेत घसरलं आणि 'शे' म्हणालं, की सर चष्म्यावरून बघायचे आणि 'आहे' म्हणायचे. ते पोरगंही मुकाट्याने 'आहे' म्हणायचं. सुरुवातीला मला वाटायचं, सर पुण्या-बिण्याकडचेच असावेत.

औषध द्यायची सात शेतं आम्हाला नशिराबादच्या आसपास लगेच मिळाली. पंचाईत झाली ती औषध न देता नुसतं बघायच्या सात शेतांची. फुकट औषध वाटलं जातंय आणि आपल्याला मिळणार नाही, हे जळगावजवळ कुणाला पटेना. शेवटी सरांनी धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठच्या एका गावात, आपल्या नात्यातले लोक तयार केले. 'नुसत्या पाण्याची शेतं' असं आम्ही त्यांना म्हणायचो. प्रत्येक शेतातल्या एका ओळीतल्या वीस ड्रिपरना मी स्वतः लाल रंगाची खूण केली. पंधरा दिवसांनी एकदा जायचं आणि त्या विसांतले किती चालू, ते मोजायचं. पहिल्याच भेटीत तिथल्या सुमनअक्कांनी, म्हणजे सरांच्या चुलतबहिणीने, खाटेवरची चादर झटकली आणि म्हणाल्या, "बठा ताई, बठा." मी बसले. बठा म्हणजे बसा, हे कुणी न सांगता कळलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. त्या खुशीने पुढे माझा घात केला.

कारण लगेचच टाळेबंदी आली. एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. मग मी मोजणी फोनवर सुरू केली. सगळ्यांना एकच प्रश्न, "लाल खुणेच्या विसांतले किती चालू आहेत?" नशिराबादकडून उत्तरं यायची, अठरा, एकोणीस, सगळे. पांझरेकाठी फोन लावला की अक्का एकच शब्द बोलायच्या, "बठ्ठा." शेजारचे भिकाआबाही तेच, "बठ्ठा." मागे मोटारीचा किंवा शेळ्यांचा आवाज, आणि फोन बंद. मी विचार केला... घसा बसतो, मोटार बसते, तसे ड्रिपरही बसले. बठ्ठा, म्हणजे सगळंच बसलं. मी वहीत शून्य लिहिलं. पुढच्या पंधरवड्यालाही शून्य. पूर्ण हंगामभर मी ती शून्यं लिहिली आणि सरांनी पानापानावर सही केली.

निकाल असा देखणा आला की विचारू नका. औषध दिलेली शेतं झकास, नुसत्या पाण्याची बहुतेक ठप्प. शोधनिबंध स्वीकारला गेला. छाजेडशेठनी बाटलीचं लेबल छापायला टाकलं आणि त्यावर ठळक ओळ होती, 'आता ॲसिड विसरा'. माझा प्रबंध टाइप होऊन तयार होता. घरचे त्याच्याचसाठी थांबले होते. लग्नाचं पुढे ढकलून ढकलून आई थकली होती आणि मीही. फक्त एक फोटो हवा होता, बुजलेल्या ड्रिपरच्या ओळीचा. तेवढ्यासाठी सर आणि मी गाडी काढून अक्कांच्या शेतावर गेलो.

भर दुपार होती. कपाशीला पाणी सोडलेलं होतं. मी कॅमेरा घेऊन लाल खुणांच्या ओळीत वाकले. पहिला ड्रिपर ठिबकत होता, दुसरा, तिसरा... विसावा सुद्धा. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून अक्कांनी ॲसिड सोडून नळी साफ केली असणार. तसं विचारलं, जरा रागानेच.

"मी काबर सोडू ॲसिड?" अक्का उखडल्या. "तू फोनवर इचारस, किती चालू शेतस. मी सांगस, बठ्ठा. बठ्ठा म्हंजे बठ्ठा. एक बी बंद नई."

सर आधी हसले. अगदी पोटातून, गुडघ्यावर थाप मारून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं की वहीत काय लिहिलं गेलंय. औषधाशिवायही ड्रिपर चालूच होते, म्हणजे औषधाने फरक पडला हे कुठेच सिद्ध होत नव्हतं. ते हळूच बांधावर बसले. "बठ्ठा म्हणजे सगळे, बेटा," एवढंच म्हणाले. मी तिथेच रडायला लागले. अक्कांना काही उमजेना. "नाना, पोरगी रडी ऱ्हायनी ना... काय व्हयनं?" त्यांनी सरांना, म्हणजे घरच्या नानांना, विचारलं. आणि सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अहिराणीत. भरभर, कुठेही न अडखळता. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकत होते.

परतीच्या वाटेवर मी जे बोलले ते लिहायला आजही हात अडतो, पण सरांबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहायला हवं. मी म्हणाले, "सर, औषध चांगलंच असणार. पुढच्या हंगामात आपण गुपचूप परत तपासू. तोवर..." सरांनी पारोळ्याच्या अलीकडे एका टपरीजवळ गाडी उभी केली. चहा सांगितला. मला वाटलं, आता झाडतील. ते म्हणाले, "तोवर कुणीतरी लेबल वाचून ॲसिड विसरेल. मे महिन्यात त्याच्या केळीचं पाणी बंद होईल आणि आठवड्यात बाग जाईल. त्याला काय सांगायचं, आमची पोरगी साताऱ्याची आहे?" पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवरची मुलं त्यांना 'शे' म्हणून हाक मारायची, हे त्यांनी मला त्या टपरीवर सांगितलं. तेव्हापासून त्यांनी आपली भाषा जिभेवरून खरवडून काढली आणि पुढे आमच्याही जिभेवरून काढत राहिले. "तुला अहिराणी येत नाही, हे मला माहीत होतं," ते म्हणाले, "मला येते, हे मी इतकी वर्षं लपवलं. तुझा एक फोन शेजारी बसून ऐकला असता तरी पुरलं असतं. आता चूक कुणाची, ते तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन निघाले, वाटेत विद्यापीठाच्या टपालपेटीत एक पाकीट टाकलं आणि छाजेडशेठकडे गेले. शेठनी शांतपणे सगळं ऐकलं, लेबलांच्या गठ्ठ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "सर, हे किती जणांना माहिती आहे?"

"काल तिघांना होतं. आता चौघांना," सर म्हणाले. "दुपारपर्यंत विद्यापीठाला होईल. पत्र टाकूनच इकडे आलोय."

शेठनी मुनीमजींना हाक मारली आणि लेबलं रद्दीत द्यायला सांगितली. त्यांच्याबद्दलही माझ्या मनात कायमचा आदर आहे. पण मी तेव्हा बघत होते ती सरांकडे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आयुष्यातलं एक काम बाटलीत जायला निघालेलं, आणि पत्र टाकून आलेत... त्या पत्राची प्रत मी नंतर वाचली. निबंध मागे घेत असल्याचं त्यात होतं आणि कारण म्हणून एकच वाक्य होतं, की शेतकऱ्यांची भाषा येत असूनही मार्गदर्शकाने नोंदी तपासल्या नाहीत. माझं नाव पत्रात कुठेही नव्हतं. मी भांडायला गेले. "मॅडम," सर म्हणाले, आणि ते मॅडम म्हणाले की विषय संपलेला असायचा, "तुम्ही आता सातही शेतांवर जाऊन माफी मागा. माझ्या पत्रात लुडबुड करू नका."

मी गेले. माफी मागायला म्हणून गेले आणि अक्कांकडे दर महिन्याला आठ-आठ दिवस राहायला लागले. त्यांनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला शिकवली, ती मला अजून येत नाही, आणि बोलायला शिकवलं, ते बऱ्यापैकी येतं. या वेळी नशिराबादला आणि पांझरेकाठी, दोन्हीकडे औषधाची आणि नुसत्या पाण्याची, दोन्ही प्रकारची शेतं ठेवली, आणि प्रत्येक ड्रिपर मी डोळ्यांनी पाहिला. एका हंगामाचे दोन झाले. उत्तर आलं ते साधंसुधं होतं. नदीच्या आणि पाटाच्या पाण्यावर औषध बरं चालतं, विहिरीच्या क्षारांच्या, जड पाण्यावर चालत नाही. शेठनी लेबलवर तेच छापलं, खाली मोठ्या अक्षरांत, 'विहिरीच्या पाण्यासाठी ॲसिड थांबवू नये'. बाटली फार खपत नाही. पण ज्यांच्याकडे जाते त्यांच्याकडून परत मागणी येते. माझा प्रबंध दोन वर्षं उशिरा गेला आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मागे घेतलेल्या निबंधाबद्दल विचारलं, तेव्हा मी सगळी हकीकत सांगितली. लग्नही झालं, ज्याला ही हकीकत ऐकून हसू आलं त्याच्याशीच.

आणि प्रयोगशाळा बदलली. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सोमवारी सर आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय चाली ऱ्हायनं?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कुणाला वाटलं, आपली परीक्षा घेताहेत. मग चाळीसगावचा एक मुलगा घाबरत घाबरत अहिराणीत उत्तरला आणि सर त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्याच दिवशी त्यांनी नोंदवहीच्या पानावर पट्टीने एक उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'ऐकलं', दुसऱ्यावर 'पाहिलं'. शेतकरी जे बोलेल ते पहिल्यात, त्याच्याच शब्दांत, आपलं डोकं न चालवता. आपल्या डोळ्यांना दिसेल ते दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा असेल तर सर सही करत नसत. आज मी जळगावच्या कॉलेजात शिकवते आणि माझ्या विद्यार्थिनींच्या वह्यांत तीच रेघ असते. त्यांना ती छळ वाटते. मी सही करत नाही.

सर गेले तेव्हा मी साताऱ्याला होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी काकूंच्या भाच्याचा फोन आला. मी धुळ्याला पोचले ती दुसऱ्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. दारात चपला होत्या, आत माणसं होती, अक्का काकूंचा हात धरून बसल्या होत्या. सर तेवढे नव्हते. जळगावला परतल्यावर मी सवयीने वही उघडली, रेघ मारली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, बोरसे सर गेले. दुसरा रकाना कितीतरी वेळ तसाच होता... मग त्यात मी लिहिलं ते हे, की एक माणूस गप्प राहू शकत होता, त्याला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि तो सकाळीच पत्र टाकून आला. हे मी पाहिलं आहे. त्याखाली सही केली.