घरचं कुठलं, कामाचं कुठलं

"आई, हा निरोप तू 'कामाचं'मध्ये का लिहिलास?" लेकीने वही माझ्यापुढे टाकली. "आता कंपनी गेलीच समज."

निरोप तिच्याच आवाजातला होता. सायकल चालवत नवऱ्याला म्हणाली होती, "त्यांचं पेटंट वाचलं मी. आपलं यंत्र फार जवळ जातंय त्याच्या. बघू पुढे. आणि येताना दूध आण."

लेक-जावई इथे नेदरलँड्समध्ये ट्यूलिपचे कंद निवडायचं यंत्र बनवत. ते अमेरिकेत विकायला लागले, तर तिथल्या मोठ्या कंपनीने खटला भरला, की ही युक्ती आमच्या पेटंटमधली. तिथल्या कोर्टाच्या नियमाने दोघांचं कामाबद्दलचं सगळं बोलणं समोरच्यांना द्यायचं होतं. इंग्रजी ईमेल कॉम्प्युटरने शोधून काढल्या. पण ही दोघं एकमेकांशी बोलायची ती मराठीत, फोनवर आवाजी निरोप पाठवून. भाजी, भांडण, यंत्र, सगळं एकातच. भाषांतरवाले मिनिटाला पैसे मागत होते. आकडा ऐकून जावई म्हणाले, "खटला जिंकलो तरी बुडणार."

मी म्हटलं, "मी ऐकते. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत. कामाचं तेवढंच भाषांतराला द्या."

आमच्या वकीलबाईंनी समोरच्यांना विचारलं. ते कबूल झाले. अट एकच, मी 'घरचं' म्हणून बाजूला काढलेल्यातले कुठलेही थोडे निरोप त्यांचा माणूस तपासणार.

तीन आठवडे रायस्वाइक गावातल्या लेकीच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसले. मान आखडली. नुसता वारा, ट्रामची घंटा, आणि मधूनच माझ्याबद्दलची कुरकुर.

"माझी गाऱ्हाणीही ऐकलीत का हो, आई?" जावयांनी विचारलं.

"ऐकली. तेल जास्त वाटतं, तर भाजी तुम्ही करा."

तो दुधाचा निरोप मी दोनदा ऐकला. 'घरचं' लिहिलं असतं तर कदाचित कोणाच्या हाती लागला नसता. मी 'कामाचं' लिहिलं.

"तू माझी आई आहेस ना?" लेक म्हणाली.

"आहे. पण मला ऐकायला बसवलं होतंस, लपवायला नाही."

वकीलबाईंनी तो निरोप वाचला आणि म्हणाल्या, पेटंट ठाऊक असून यंत्र विकलं हे यातून दिसतं, दंड वाढेल, तडजोड करा. तडजोडीत कंपनी विकावी लागली. घर वाचलं. लेक महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आता ती हूफडॉर्पला नोकरीला जाते, जावई घरून काम करतात. लेक, जावई आणि मी, तिघंही त्याच घरात राहतो.