छडीपुढचं पोट

सन बहात्तरच्या सुमारास नागपूरच्या एका पोलीस लाइनीत नवे साहेब आले. पोट सुटलं म्हणजे पोलीस आळशी झाला, एवढीच त्यांची विद्या. परेडला ते प्रत्येकाच्या पोटापुढं छडी आडवी धरायचे. पोट टेकलं की महिनाभर रात्रपाळी!

हवालदार शालिकरामचं पोट रात्रपाळीनंच सुटलं होतं. जागं राहायला रात्रभर चहा आणि आलूबोंडे, आणि दिवसा क्वार्टरच्या गलक्यात डोळ्याला डोळा नाही. आज छडी चुकली तर दिवसपाळी मिळून रात्री घरी झोपता येणार होतं. म्हणून नाटकाचा पडदा उघडण्याआधीच्या राजासारखा तो श्वास ओढून, छाती काढून उभा राहिला. पण साहेबच उशिरा उठलेले. ते येईपर्यंत शालिकरामला उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि पोट अलगद छडीवर येऊन विसावलं.

"महिनाभर रात्रपाळी! चालून चालून उतरेल."

"साहेब, जागरणानंच तं चढलं ना हे."

"उलट बोलतोस? दोन महिने!"

एवढ्या बोलण्यानंच साहेबांना धाप लागली. जीपमध्ये चढताना त्यांचं स्वतःचं पोट आडवं आलं.

"शालिकराम, जरा मागून रेटा दे रे!"

शालिकरामनं दिला. असल्या विद्वानाला दुसरं काय द्यायचं?

संध्याकाळी बायको भागीरथा डबा भरत होती.

"साहेबानं पोट उतरवाले सांगतलं न? मंग दोनच पोया बांधू का?"

"सहा बांध वं," तो जांभई देत म्हणाला. "दोन महिने जागाचं हाय मले."