हात ओळखण्याचा खेळ

तू फोनवर विचारलंस, "आजी, ऑफिसने मला एक मेंटॉर दिलाय, तुमच्या वेळी असं काही होतं का?" मी "होतं की" म्हणाले आणि विषय बदलला. तुझा भाऊही ऐकत होता आणि तिकडे तुमची जेवायची वेळ झाली होती. ही हकिगत जेवताना सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते आहे, सुरुवातीपासून.

तुमच्या आजोबांची कलकत्त्याला बदली झाली ती साठीचं दशक संपता संपता. मी मुंबईला चित्रकला शिकले होते आणि पुण्याच्या एका प्रकाशकासाठी पाठ्यपुस्तकांतली चित्रं काढत होते. बैल, विहीर, आगगाडी, टपालवाला. काम टपालाने यायचं आणि टपालानेच जायचं. कलकत्त्यात मी एकाही चित्रकाराला ओळखत नव्हते. आपल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात एक बाई भेटल्या, तिथेच जन्मलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बेहालाला एक म्हातारे चित्रकार आहेत. रविवारी सकाळी त्यांच्याकडे कुणीही आपलं काम घेऊन गेलेलं चालतं. तोंड फटकळ आहे, पण जा."

त्यांना सगळे मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. घर एका लेथच्या कारखान्यामागे होतं आणि रविवारीसुद्धा लोखंड कातल्याचा आवाज यायचा. मी महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर ते आत बायकोला ओरडले, "अगं, चहा टाक, आणि चांदीचे चमचे लपव. बर्गी आली!" दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटणाऱ्या मराठी घोडेस्वारांना बंगाली लोक बर्गी म्हणतात, आणि अजून विसरलेले नाहीत. मग मला म्हणाले, "चित्र काढता येत नसेल तर परत जा, बौमा. येत असेल तर बस." बौमा म्हणजे सूनबाई. शेवटपर्यंत मी त्यांची बौमाच होते.

तिथे येणारे सगळे चित्रांवर पोट भरणारे, किंवा भरू पाहणारे. मास्टरमोशायांनी आयुष्यभर मुखपृष्ठं, कॅलेंडरं, नाटकाचे पडदे असं मिळेल ते केलं होतं आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. कोणता संपादक चित्रं हरवतो, कोणत्या गॅलरीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, प्रदर्शनाच्या दिवशी कुणाच्या शेजारी उभं राहू नये, हे सगळं ते हातचं न राखता सांगत. आणलेलं चित्र आधी भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मग प्रश्न. हे कुणासाठी काढलंस? कुणी घेतलं नाही तर ठेवशील कुठे? हे काढत होतीस तेव्हा घरी स्वयंपाक कुणी केला? हा शेवटचा प्रश्न ते पुरुषांनाही विचारत, आणि पुरुष गडबडले की खूश होत. उत्तरं पटली तरच चित्र फिरवायचं.

उठायच्या आधी खेळ असे. मासिकांतून कापलेली चित्रं ते टेबलावर पसरत, सहीचा कोपरा घडी घालून आत दडपलेला. चित्र कुणाच्या हातचं ते ओळखायचं. आम्ही चुकायचो, ते कधी चुकले नाहीत. म्हणायचे, "संपादकाने पाकीट उघडलं की नाव वाचायच्या आधी तुमचा हात ओळखता आला पाहिजे. तोवर तुम्ही मजूर."

त्यांच्याइतकंच काम करणाऱ्या एक दिदी तिथे होत्या. मुलांच्या मासिकांत चित्रं काढायच्या, लग्न केलेलं नव्हतं, तोंडात सदा पान. मला हाताला धरून तीन-चार संपादकांकडे त्यांनीच नेलं. "ही बोलत नाही, पण वेळेवर देते," अशी माझी ओळख करून द्यायच्या.

आणि एक तरुण मुलगा होता. त्याला मी बराकपूरचा एवढंच म्हणेन. वडील नव्हते, घरी आई आणि तो. लोकलने सियालदह, तिथून बेहाला, काखेत गुंडाळी. लाकडावर चित्र कोरून त्याचे ठसे काढायचा. लाकूड कोरताना जो भाग पांढरा राहायला हवा तिथेही कोरणीच्या बारीक रेघा उरतात आणि शाई लागून कागदावर उमटतात. चित्रकलेच्या शाळेत त्याला त्या साफ करायला शिकवलं होतं. मास्टरमोशाय वर्षभर त्याच्या मागे लागले, "पुसू नकोस. तुझं मनगट कसं वळतं ते त्या रेघांतच दिसतं." हळूहळू त्याने पुसणं सोडलं, आणि त्याचे ठसे दुसऱ्या कुणासारखे दिसेनासे झाले. मास्टरमोशायांनी त्याचं तोंडावर कौतुक कधी केलं नाही. बघायचे आणि म्हणायचे, "हं. पुढे."

त्या वर्षांत शहर कसं होतं ते तुम्हाला पुस्तकात वाचता येईल. मी पाहिलं तेवढंच सांगते. भिंतींवर क्रांतीच्या घोषणा लिहिलेल्या असत. घरातून सकाळी गेलेली मुलं संध्याकाळी येत नसत. काही तुरुंगात सापडत, काही सापडत नसत. आमच्या क्वार्टरमध्ये कुणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नसे.

एकदा मी सियालदहजवळच्या कागदाच्या बाजारात गेले होते. स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर ओळीने भित्तिपत्रकं चिकटवलेली होती. एक बाई उंबऱ्यात बसली आहे, मांडीवर रिकामी हंडी, नजर दाराबाहेर. खाली रक्ताच्या बदल्यात रक्त मागणाऱ्या ओळी, त्या दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. बाईच्या चेहऱ्याभोवतीच्या पांढऱ्या जागेत बारीक रेघा वाऱ्याने गवत झुकावं तशा एका बाजूला झुकलेल्या. माझे पाय थांबले. दोन पावलांवर बंदूकवाले शिपाई उभे होते, म्हणून मी पिशवी सावरून पुढे निघाले.

दिदींनीही ते पाहिलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"वेडा आहेस का तू?" दिदी म्हणाल्या.

तो ओशाळं हसला. "मित्रासाठी एकदाच केलं, दिदी. तो मारला गेला. त्याच्या आईला बघून आलो आणि माझ्या आईला समोर बसवून कोरलं. लाकूड जाळून टाकलंय."

"आणि आम्ही ओळखलं ते?"

"तुम्ही चित्रकार आहात. पोलीस काय चित्रं बघतात, बौदी?" बौदी म्हणजे वहिनी, ते मला उद्देशून होतं.

आम्ही त्याला म्हटलं, काही दिवस इकडे येऊ नकोस आणि लाकडाला हात लावू नकोस. मास्टरमोशायांना काही सांगायचं नाही असं दिदींनी ठरवलं. "म्हातारा दम्याने घराबाहेर पडत नाही, त्याने भिंत पाहिलेली नाही. सांगितलं तर घाबरण्याआधी खूश होईल. आपल्या पोराचा हात अख्ख्या शहरात लागलाय म्हणून चार जणांना सांगेल." मला ते पटलं. आजही, तेव्हा जे माहीत होतं तेवढ्यावरून, ते बरोबरच वाटतं.

काही रविवार तो आला नाही. मास्टरमोशाय कुरकुरायचे, "आळशी झालाय. वर्षाच्या आत याला नीट काम मिळालं नाही तर हा गिरणीत जाईल." त्यांना खरी काळजी होती. रात्र रात्र खोकत त्यांनी त्याच्यासाठी ओळखीच्या लोकांना निरोप पाठवले होते.

मग एका रविवारी एक अनोळखी गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ. म्हणाले, एका जाहिरात कंपनीसाठी चांगला चित्रकार शोधतोय, कायमची नोकरी आहे. कुणीतरी दिलेला एक नमुना आवडलाय, पण त्यावर सही नाही. लोक म्हणतात, कलकत्त्यात हात ओळखावा तर तुम्हीच. त्यांनी कागद टेबलावर पसरला. खालचा भाग फाडून टाकलेला होता. उंबऱ्यातली बाई, हंडी.

दिदी पान चघळायच्या थांबल्या. मास्टरमोशायांनी चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे कुणाचंही असेल," दिदी घाईने म्हणाल्या. "हल्ली सगळेच असं करतात."

"कुणाचंही?" मास्टरमोशाय दुखावले. "इतकी वर्षं इथे येऊन हेच शिकलीस?"

"मद्रासकडचं वाटतंय," मी म्हणाले.

"बर्गीला माफ आहे, तिला लूट कळते, लाकूड कळत नाही." ते हसले. गृहस्थही हसले.

"खरं सांगू का," दिदी म्हणाल्या, "हे माझंच आहे. जुनं. मीच कुणाला तरी दिलं होतं."

हे ऐकून मास्टरमोशाय इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "तुझं? तुझा हात एवढा धीट असता तर आयुष्यभर ससे काढत बसली असतीस? हे बघा." ते गृहस्थांकडे वळले. मी टेबलाखालून मास्टरमोशायांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला. "या रेघा बघा. सगळ्या डावीकडे झुकतात. मनगट बाहेर वळतं म्हणून. मीच म्हटलं होतं पुसू नकोस. या शहरात असा दुसरा हात नाही. माझ्या साठ वर्षांत मी पाहिलेला नाही. त्याला घ्या, पस्तावणार नाही." आणि त्यांनी नाव सांगितलं. बराकपूरची गल्लीही सांगितली.

गृहस्थांनी कागदाची नीट घडी केली, नमस्कार केला आणि चहा न घेता गेले. दिदी तशाच अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि बस पकडून सियालदहला गेल्या. पुढे त्यांनी सांगितलं की त्या दिवशी लोकल बंद होत्या. मी खोलीतच होते. भित्तिपत्रकाचं काय ते मास्टरमोशायांना मलाच सांगावं लागलं. त्यांना समजायला वेळ लागला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण त्यांनी नोकरी सांगितली ना? कायमची म्हणाले ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला घरातून नेलं.

मास्टरमोशाय दम्याची पर्वा न करता वेगवेगळ्या पोलीस कचेऱ्यांत जाऊन बसायचे, आपल्या प्रदर्शनांची जुनी पत्रकं दाखवून मी कोण आहे ते सांगायचे. त्यांना सांगत, असा कुणी आमच्याकडे नाही. दिदींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पावसाळा गेला, दुर्गापूजा गेली. थंडी सुरू झाल्यावर कळलं की तो घरी आलाय.

मास्टरमोशाय म्हणाले, "बौमा, माझ्याबरोबर चल. एकट्याच्याने होणार नाही." आम्ही सियालदहहून लोकलने गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. मी तिला आधी भिंतीवर पाहिलं होतं, त्यामुळे मला तिच्याकडे नीट बघता येईना. तो खाटेवर बसला होता. बारीक झाला होता, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून उजवा कान पुढे करून ऐकायचा. हात धड होते. मी आधी तेच पाहिलं, मास्टरमोशायांनीही. त्याने उठून त्यांच्या पायांना हात लावला.

मास्टरमोशाय भराभर बोलायला लागले. लाकडाचे ठोकळे पाठवतो, नवीन कोरण्या आणल्यात, दिल्लीला माझा एक विद्यार्थी आहे, तिथे प्रदर्शन होईल. त्याने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात ते पोलिसांनी मला वाचून दाखवलं, मास्टरमोशाय. पुष्कळदा. त्या रेघांबद्दलचं. मनगटाबद्दलचं. मला पाठ झालंय." पुढे म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला माझं काम फारसं आवडत नाही."

आईने चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. तो म्हणाला, ज्यूट मिलमध्ये काम लागलंय. तागाच्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून शाईने मार्का मारायचा. साचा गिरणीतून तयारच मिळतो.

"पण तू कोरायला..." मास्टरमोशाय म्हणाले.

"त्याला आता काही शिकवू नका," आई म्हणाली. "तुम्ही मोठे आहात. चहा घ्या, आणि पुन्हा येऊ नका." तिचा आवाज चढला नव्हता.

आम्ही चहा घेतला. परतीच्या गाडीत मास्टरमोशायांनी खिडकीची झडप ओढून घेतली आणि सियालदह येईपर्यंत डोळे मिटून बसले.

त्यानंतर रविवार बंद झाले. लोक येऊन दार वाजवायचे आणि परत जायचे. वर्ष-दीड वर्षाने तुमच्या आजोबांची नागपूरला बदली झाली, तेव्हा मी निरोप घ्यायला बेहालाला गेले. दिदींमुळे मला मुलांच्या एका पूर्ण पुस्तकाचं काम मिळालं होतं, स्वतःच्या नावाचं. त्यातली पहिली चार चित्रं मी नेली होती. नेहमीप्रमाणे ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि वाट पाहिली.

त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. म्हणाले, "राहू दे तशीच, बौमा. फिरवू नकोस. एकदा पाहिलं की मला विसरता येत नाही."

त्यांच्या बायकोने मला वाटेसाठी नारळाचे लाडू दिले. मी चित्रं पुन्हा कागदात गुंडाळली, सुतळी बांधली आणि ट्रामने घरी आले. घरी खोकी भरायची राहिली होती.