कौसाला सांगायचं राहिलेलं

शेवटचं म्हणाल तर मी तिला सुईत दोरा ओवून दिला. नांदूरघाटला आमच्या ओसरीत कौसा, माझी बायको, वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) शिवत होती. डोळे जाऊन सहा वर्षं झालेली, पण टाका सरळ. नात मनीषा पुण्यात उजेडाचं कायतरी काम करते, ते बघायला जाऊ, असं कौसा म्हणाली. मी म्हणालो, "तुला काय दिसणार हाय तिथं?"

"तुमी बघा. मला सांगा."

सकाळी ती उठलीच न्हाई.

वर्षश्राद्ध उरकलं आणि मी एसटीत बसलो. बीडला गाडी बदलली. वाटेत भाकरीचं फडकं सोडलं. चटणी मीच कुटलेली, लई खारट झालती. शेजारच्यानं विचारलं, दवाखान्यात निघालात का? नातीची प्रयोगशाळा बघायला, म्हणालो. त्याला थट्टाच वाटली.

मनीषानं काचेची ताटली दाखवली. तीत जिवंत पेशी. मोहरीच्या कुळातल्या एका रोपात उजेड ओळखणारं प्रथिन असतं. ते हिनं पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनाला जोडलंय. निळा उजेड पडला की ते जागं होतं आणि पेशीला आतून निरोप देतं, सरक म्हणून. अंधारात गप्प. लाल उजेड त्याला कळत न्हाई, म्हणून त्या खोलीत नुसती लाल बत्ती. मला कौसा आठवली. डोळे गेल्यावर ऊन कुठवर आलंय ते तिला गालावर कळायचं.

मनीषा हात धुवायला गेली. बाहेर दिवेलागण झालती. कौसानं आंधळेपणीसुद्धा तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवलं न्हाई. माझा हात भिंतीवर गेला. बटण दाबलं, हात जोडले.

मनीषा पळत आली. पांढऱ्या उजेडात निळाबी असतो, सगळ्या पेशींना एकदम निरोप गेलता. चार दिवसांचं काम वाया. ती स्टुलावर बसली. "आबा, दारावर पाटी हाय की."

"इंग्रजीत हाय."

ती हसली, मग डोळे पुसले. तेव्हा वर्षभर मनात होतं ते विचारलं. "हे आजीच्या डोळ्यात घातलं असतं तर?"

"डोळ्यांवर दुसरे लोक काम करतात, आबा. कुणाकुणाला थोडं दिसलंय. आजीला दिसलं असतं का, न्हाई सांगता येत. माझं अजून ताटलीपुरतंच."

खोटं बोलली न्हाई, बरं केलं.

सकाळच्या एसटीनं परतताना गालावर ऊन आलं. डोळे मिटून बघितलं. कुठवर आलंय, मला काय कळंना.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून वाकळ काढली. सुई तशीच टोचलेली, दोरा मी ओवलेला. ओसरीत तिच्या जागी बसलो, एक वाकडा टाका घातला आणि सांगायला लागलो, "ऐक. आधी एक काचेची ताटली असती."