महिन्याला चार पांढरे चौकोन

पहिल्या वर्षी मी हरले ती गणितात नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी हरले ती हजेरीत.

नारायणगावात आमचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दहाव्याची कार्डं, असली कामं. मालक आमचे हे, पण टायपिंग माझं. ह्यांना ‘क्ष’ सापडेपर्यंत माझी अख्खी पत्रिका संपायची. दोन हजार सालानंतर कधीतरी ह्यांनी फोनच्या वायरीवरून इंटरनेट घेतलं, पत्रिकेवर टाकायला नवेनवे गणपती मिळावेत म्हणून. गणपती शोधता शोधता मला ती साइट सापडली. नऊ बाय नऊ घरं, एक ते नऊ आकडे, आडव्या-उभ्या ओळीत कुठलाही आकडा दोनदा येता कामा नये. रोज एक कोडं. किती मिनिटांत सोडवलं त्यावर गुण, गुणांची वर्षभर बेरीज, आणि डिसेंबरच्या शेवटी जगभरातल्या लोकांच्या यादीत आपला नंबर.

बारावीला गणितात मी कॉलेजात पहिली आले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. त्यानंतर मला कुणी मार्क दिलेच नव्हते. भाकरी गोल झाली तर कुणी बोलत नाही, करपली तर सगळं घर बोलतं. आणि इथं एक परकी साइट मला रोज सांगत होती, आज इतके गुण, कालपेक्षा इतके जास्त! मी वेड्यासारखी रमले. छपाईत वाया गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर रोजचे गुण लिहून त्या खिळ्याला टोचून ठेवू लागले.

वर्ष संपलं. यादीत माझ्या वर एक जण होता, त्याला प्रत्येक कोड्याला माझ्या दुप्पट वेळ लागायचा. तरी माझ्या वर! मी त्याचं कॅलेंडर उघडून बघितलं. साइटवर प्रत्येकाचं कॅलेंडर असायचं, कोडं सोडवलेला दिवस हिरवा, न सोडवलेला पांढरा. त्याचं वर्ष सगळं हिरवंगार. माझ्यात दर महिन्याला ओळीनं चार पांढरे चौकोन.

कारण ते चार दिवस मी बाहेर असायचे. कावळा शिवला की पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा नियम होता की त्या दिवसांत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. “त्यात देवाचं नाव छापतंय. शिवायचं न्हाई.”

एकदा मी कॅलेंडर उघडून बसले असताना धाकटे भावजी मागून डोकावले. “वहिनी, दर महिन्याला चार दिवस कुठं गावाला जाता का काय?” विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. कानापर्यंत लाल होऊन बाहेर पळाले. मी झटकन कॅलेंडर बंद केलं. मला लाज वाटली. आणि मग, लाज वाटलीच का, ह्याचा लई संताप आला.

तरी मी गप्पच होते. ठिणगी पडली ती वैशाखात. तिथी तोंडावर, पत्रिकांचा ढीग, आणि माझा दुसरा दिवस. हे पडवीत येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “बस ना जरा. उद्या सकाळी द्यायच्यात.” आणि आत्या? आत्या गवार निवडायला घरामागच्या परड्यात निघून गेल्या, पाठ करून बसल्या. त्या दुपारी मी सात लग्नं लावली. सात गणपती, सात कुलदेवता, सगळे माझ्या त्याच हातानं. कुणी कोपलं नाही. काम संपल्यावर म्हटलं, बसलेच आहे तर आजचं कोडं सोडवू. साइट उघडते न उघडते तोच दारातून आवाज आला, “झालं न्हवं काम? ऊठ मग.”

म्हणजे लोकांच्या लग्नाला माझा हात चालतो आणि माझ्या कोड्याला तेवढा विटाळ होतो! वा रे न्याय. मी उठले. पण उठतानाच ठरवलं की पुढच्या वर्षी एकही चौकोन पांढरा राहणार नाही. सगळे दिवस भरले की साइट एक पदक द्यायची. मला ते पदक हवं होतं, तेही कुणाची परवानगी न मागता.

जानेवारीत पहिल्यांदा वेळ आली तेव्हा चोरून नाही, सांगून बसले. “आत्या, यंदा मी चारी दिवस कॉम्प्युटरवर बसणार.”

“तुज्या म्हायेरी चालत आसंल आसलं. डोंगरातली मान्सं तुमी.”

“चालतं. भीमाशंकराच्या पायथ्याला भाताची लावणी निघाली की माझी आई चिखलात उतरायची. तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं, आज कितवा दिवस. आणि तोच तांदूळ देवाच्या नैवेद्याला.”

आत्या म्हणाल्या, “त्या दिवसांत मी तुज्या हातचं पानी बी घेनार न्हाई.”

“नका घेऊ.”

हे मध्ये पडले. म्हणाले, कशाला घरात तमाशा, असं काय आहे त्या आकड्यांत? मी म्हटलं, तुमच्या वैशाखात जे होतं तेच आहे. त्यावर ते कागदाची रिमं मोजायला लागले.

आत्यांनी मग त्यांचा उपाय काढला. मी उठले की तुळशीच्या पानानं की-बोर्डवर गोमूत्र. चार थेंब शिंपडले असते तरी निभावलं असतं, पण राग होता ना, चांगली अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर बसलेलं, मुहूर्त सायंकाळी सात वाजून अठ्ठावीस मिनिटांचा, आणि की-बोर्डवर ना सात उठेना ना आठ. हे वास घेऊन बघायला लागले. मग आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. नवा की-बोर्ड आला. त्यानंतर आत्या फक्त खुर्चीवर शिंपडायच्या. मी ओल्या खुर्चीवर बसून कोडी सोडवली. सोडवली म्हणजे सोडवलीच.

लोडशेडिंगचं वेळापत्रक मी खळीनं भिंतीला चिकटवलं होतं, त्याप्रमाणे स्वयंपाकाच्या वेळा बदलल्या. भाचीच्या बारशाला माहेरी गेले तर पाळणा म्हणून झाल्या झाल्या जीप धरून घोडेगावचा सायबर कॅफे गाठला. भाऊ म्हणाला, “आगं, घुगऱ्या तरी खाऊन जा.” हातात घेऊनच गेले.

आणि आत्या बोलल्याप्रमाणे वागल्या. महिन्यातले चार दिवस स्वतः उठून माठातून पाणी घ्यायच्या. गुडघे दुखायचे, कण्हायच्या, पण घ्यायच्या. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मी उठले नाही. ते वाईट वाटण्यावरच तर इतकी वर्षं सगळं चाललं होतं.

डिसेंबरचा शेवटचा दिवस उजाडला आणि नेमका माझा दुसरा. दुपारी शेवटचा चौकोन हिरवा केला. पदक आलं, पिवळं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. तो सावकाश सोडवणारा माझ्या बराच खाली गेला होता. मी आतून आत्यांना बोलावलं.

“हे बघा. हे सगळं वर्ष. एकेक चौकोन म्हणजे एकेक दिवस. ह्यातले विटाळाचे कुठले, तेवढे मला दाखवा.”

आत्यांनी चष्मा लावला. स्टुलावर बसल्या. बोट पडद्याला न लावता जानेवारीपासून एकेक ओळ बघत गेल्या. लई वेळ लागला. डिसेंबरच्या टोकाला बोट थांबलं.

“समदी सारखीच हायेत की गं.”

“हो ना?”

“मग मी कशापायी बसले इतकी वर्सं?” त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. “पावसात बी बसले. पडवीला तवा पत्रा बी नव्हता.”

ह्या दिवसासाठी मी वर्षभर एक झणझणीत उत्तर घोटून ठेवलं होतं. ते तोंडातच राहिलं. “ज्यांनी बसवलं त्यांना विचारायचं होतंत,” एवढंच म्हटलं.

“इचारायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. मग उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला, आणि उठल्याच नाहीत.

“जा, पानी आन,” म्हणाल्या.

त्यांना माहीत होतं माझा कितवा दिवस आहे. मी माठातून तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.