विमानातला जाडा माणूस

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी शहापूरला होमगार्ड होते. तिथल्या पोलीस ठाण्यात तेव्हा महिला पोलीस नव्हत्या, म्हणून बाईची चौकशी असली की तिच्याजवळ बसायला मला बोलावणं यायचं.

सापगावच्या एका आईने तक्रार दिली होती. तिची मुलगी ओळखीच्या बाईबरोबर घरकामाला गेली, चार महिने काही पत्ता नव्हता. ती बाई बाजारात दिसल्याची खबर लागली आणि तिला आणलं.

बाई घाबरली नाही. "साहेब, मुंबईहून विमानात बसवून मीच पोचवली भावनगरला. शेटनं तिकीट धाडलेलं. मजेत हाय पोर."

फौजदार साहेबांनी जबाब लिहून घेतला. भावनगरहून खात्री व्हायला काही दिवस लागणार, आणि तोवर बाईला ठेवून घेता येणार नव्हतं. एकदा सुटली की ती मुलीला दुसरीकडे हलवणार, ही भीती होती. आई बाहेर बाकावर बसून होती.

साहेब जेवायला गेले. मी सहज विचारलं, "विमानात बसतात कसं गो? मी नाय पाहिलं कधी."

ती खुलली. "आपल्या एष्टीवानी. एका अंगाला तिघं, दुसऱ्या अंगाला दोघं. पोर खिडकीला, मी मधी, कडेला एक जाडा माणूस. चेपून काढलं मला मेल्यानं!"

आम्ही दोघी हसलो. पण मला चैन पडेना; ही विमानाचं नाही, एष्टीतलंच सांगतेय असं वाटलं. माझं शिक्षण चौथी, साहेबांना कसं सांगावं? ते जेवून आल्यावर पाणी देताना हळूच सांगितलं. त्यांनी लगेच मुंबईला विमान कंपनीच्या ऑफिसात फोन लावून विचारलं, भावनगरला कोणतं विमान जातं? उत्तर आलं, पंख्याचं लहान विमान, रोज तेच. दोन्ही अंगांना दोन-दोनच खुर्च्या.

साहेबांनी बाईला विचारलं, "मग तुझा जाडा माणूस बसला कुठं? पंखावर?"

ती माझ्याकडे वळली. मग माझा हात धरून म्हणाली, "मुलुंडला हाय. घरातून सोडत नाय तिला."

आम्ही तिथे गेलो तेव्हा मुलगी भांडी घासत होती. खरकट्या हातांनीच जीपमध्ये बसली. ठाण्यात आईने तिला बघून आधी दंड चाचपले. "खायला देत होते का नाय गो?"

खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी पाठ करून येतो. बारीकसारीक विचारलं की स्वतःच्या रोजच्या जगण्यातलं काढून देतो, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी ठाण्यात कुणाचा आवाज चढला नाही, कुणाचा हात उठला नाही, आणि पोर घरी गेली.